ताटाच्या कडेला

पाहुण्याने तोंडातला घास ताटात थुंकला आणि तो पाटावरून असा उठला, की शेजारच्या माणसाची कढीची वाटी कलंडली.

"विष घातलंय! जीभ गेली माझी! ओठ कुठे आहेत तेसुद्धा कळेना!"

मथुरा भाताची परात हातात तशीच घेऊन चुलीपुढून धावली. पाहुणा चांगला धडधाकट माणूस, सकाळीच मुंबईच्या बोटीतून उतरलेला आणि पुढे घाटावर जाणाऱ्या एस. टी.ची वाट बघत जेवायला आलेला. दोन बोटांच्या चिमटीत स्वतःचा खालचा ओठ धरून तो उभा होता, सोडला तर गळून पडेल अशा काळजीने. त्याच्या ताटात बांगड्याचं लालभडक कालवण आणि त्यात चावून दोन शकलं केलेलं एक तिरफळ.

समोरच्या रांगेत आबा मेस्त जेवत होते. उभा जन्म त्यांनी बंदरावर होड्या बांधण्यात घालवला होता, त्यामुळे त्यांचा आवाज नेहमी वाऱ्याच्या वर चढवलेला.

"अवो पावण्यांनू, ता चावूचा नसता! ता वासाक असता. बाजूक काढून ठेवूचा."

"खायचं नाही तर घालता कशाला?"

आबांचा घास हातातच राहिला. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. बांगड्याच्या कालवणात तिरफळ असतं, समुद्रात पाणी असतं. कशाला असतं म्हणजे काय?

"साहेब, नुसता भात चावा थोडा," आबांच्या शेजारचे जगदाळे म्हणाले. ते तारमास्तर, मूळचे सातारकडचे. "घटकाभरात जीभ परत येते. मीही पहिल्या दिवशी रडलो होतो."

पाहुणा भात चावायला थांबला नाही. त्याच्यामागून त्याचे सोबतीही हात धुवून निघाले. मथुरा परात घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. तिचं लक्ष त्या माणसांकडे नव्हतंच. ती त्या अर्ध्या ताटाकडे बघत होती.

ह्या लोकांना घेऊन आला होता बाबली. बोटीच्या एजंटाकडे तो तिकिटं फाडायचा आणि उरलेल्या वेळात जगाची कामं करायचा.

"काकी, माजी अब्रू गेली मा! मी तेंका सांगलंय, घरच्यासारख्या जेवण गावतला. आता तो बंदरार जावन सांगतलो, हय विष घालतत म्हणान."

"तुजी अब्रू पाण्यात पडली कधी रे बाबल्या?" आबांनी विचारलं. "आमी तर ती काठारच बघितली. भोकां पडलल्या होडीसारकी."

होडीवाला धोंडू फस्सकन हसला आणि त्याला ठसका लागला. एरवी मथुराही हसली असती.

नवरा गेला तेव्हा मथुराच्या घरात एक चूल, एक पाटा आणि एक नणंद होती. नवरा मचव्यावर तांडेल, एका पावसाळ्याच्या तोंडी तापाने गेला. नणंद सुगंधा, तिचा नवरा मुंबईला गिरणीत गेला तो गेलाच, त्याची ना चिठ्ठी ना चपाटी. खानावळ काढायची असं कुणी ठरवलं नव्हतं. आबांची बायको वारली, त्यानंतर एका सकाळी ते मागच्या दारी येऊन "मथुरा, वायच पेज गावात गो?" म्हणाले, तेवढंच. पेजेचं जेवण झालं. मग होडीवर राबणारा धोंडू आला. मग शाळेतले भाई मास्तर, ज्यांचं घर आचऱ्याला. शेवटी जगदाळे. गावाची हवा, पाणी आणि भाषा तिन्ही बाधून ते अर्धमेले झाले होते.

ह्या चौघांचं जेवण म्हणजे ठरल्यासारखं. त्या दिवशी जो मासा येईल त्याचं एक कालवण, उकड्या तांदळाचा भात, सोलांची कढी. निवड नाही. आबांना शेपटीकडचा तुकडा, कारण डोक्याकडचा तुकडा ते धोंडूला पाहिजे म्हणून नको म्हणत. भाई मास्तरांना कालवण भातावर नको, शेजारी. जेवून कुणी "छान झालं" म्हणत नसे. तशी तिकडे पद्धतच नाही. फार झालं तर आबा म्हणायचे, "आज मीठ बरा पडला." तेवढ्यावर मथुराचा दिवस जायचा.

पण मथुराच्या पानावरून अर्धपोटी कुणी उठलं नव्हतं. ते अर्धं ताट तिने स्वतः कुत्र्याला घातलं, आणि कुत्रा ते चाटूनपुसून खाताना उगाच त्याच्यावर ओरडली.

चार दिवसांनी बाबली परत आला तो एक फळी घेऊन. तिच्यावर रंगाने अक्षरं काढून आणली होती: सर्वांना आवडेल असे जेवण मिळेल.

"दिवाळीपासून माणसां वाढतली, काकी. बंदरार नवीन हॉटेल येता हा. माणसां एकदा थय गेली काय परत हय येवची नाय. शेजारची वखार रिकामी आसा, धनी देवक तयार आसा. दोन गोष्टी कर. तिखट कमी कर, आणि ता तिरफळ बंद कर."

"तिरफळाशिवाय बांगडो?" मथुरा म्हणाली. "हिमसो वास येतलो."

"तुका येतलो. बोटीतल्यांका मासो म्हटल्यार वास असताच, असा वाटता."

सुगंधा सुपात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली. "चार डोक्यांसाठी किती वर्षां चूल फुंकतलंस, वयनी? ते चारय म्हातारे होतले. आबा तर झालेच. मगे आपण दोघी एकमेकींका वाढूया काय?"

खरं सांगायचं तर मथुराच्या डोळ्यांसमोरून ते अर्धं ताट जात नव्हतं. आपल्या हातचं सगळ्यांना आवडावं असं वाटणं हे काही पाप नाही. तिने तिरफळांची चिनी मातीची बरणी फडताळात सर्वांत वर सरकवली आणि तिच्या तोंडावर फडकं घट्ट बांधून टाकलं.

चूल एक, टोप एक. तेव्हा बोटीच्या दिवशी एक आणि एरवी एक असं दोन तऱ्हांचं करणं तिला जमेना. हाताला एकच सवय लागते. मिरची निम्मी झाली, खोबऱ्याचं वाटण पातळ झालं, कालवणाचा रंग गुलबट झाला. बोटीची माणसं यायची, पुढच्या पडवीत बसायची, घड्याळ बघत जेवायची. कुणी ओरडलं नाही. कुणी उठून गेलं नाही. "ठीक आहे" म्हणून लोक जात. त्यातला एकजण पुढच्या फेरीला परत आला, तेव्हा मथुराला केवढा आनंद झाला! पण त्याने दारातून विचारलं, "मागच्या खेपेला जेवलो ते घर हेच का हो?"

तिने त्याला ओळखलं होतं. त्याला कुठला मासा वाढला, तेही तिच्या ध्यानात होतं.

पुढची पडवी भरायची म्हणून चौघे आपणहून मागच्या पडवीत गेले. कुणी सांगावं लागलं नाही. आबांनी आपला पाट स्वतः उचलून नेला. त्यांना वाढायचं आणि त्यांची ताटं उचलायची हे काम सुगंधाने घेतलं, कारण मथुराला पुढून हलता येत नव्हतं.

पहिल्या दिवशी मथुरा कान लावून बसली होती. आता आबा ओरडतील, धोंडू म्हणेल, काकी, ह्या काय? निदान भाई मास्तर घसा खाकरतील. मागच्या पडवीतून नुसता जेवल्याचा आवाज आला. भात मागितला, कढी मागितली, हात धुतले, गेले. दुसऱ्या दिवशी तसंच. आठवडा गेला, दसरा झाला.

तिला आधी हायसं वाटलं. मग वाईट वाटलं. आणि मग राग आला. इतकी वर्षं आपण पहाटे उठून कोळणीच्या पाटीतला बांगडा डोळे बघून निवडला, पाट्यावर खोबरं गंधासारखं वाटलं, तिरफळं ठेचून बरोबर शेवटच्या कढाला घातली. आणि ह्यांना कळलंसुद्धा नाही? पोटात काहीतरी पडलं म्हणजे झालं?

"मेल्यांनू," ती वरवंट्याला म्हणाली, "पेंढा घातलंय तरी खावन जाशात."

एकदा धोंडू घागर भरून द्यायला आला, तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत ओरबाडलेले होते.

"काय रे ह्या? मांजरांच्या लग्नात गेल्लंस?"

"कालवां काढूक गेल्लंय, काकी. खडप लागला." त्याने बाह्या खाली ओढल्या आणि घागर ठेवून तो जवळजवळ पळाला. ह्याला खडकावरची कालवंही धड काढता येत नाहीत, असं म्हणून मथुराने तो विषय सोडला.

दिवाळी तोंडावर आली तशी बाबली निरोप घेऊन आला. वखारीच्या धन्याला आज-उद्या हो-नाही कळवायला पाहिजे. बोटीची माणसं वाढली की मागची पडवीसुद्धा लागेल.

"तुज्या त्या चौकडीक दुसरीकडे खंय तरी सोय बघूक सांग. तेंका काय, खंयय जेवतले."

महिनाभरापूर्वी कुणी असं बोललं असतं, तर तिने त्याला पळीने मारलं असतं. आता ती नुसती म्हणाली, "सांगतंय फाल्या. तेंका काय, खंयय जेवतले."

दुसऱ्या दिवशी बोट नव्हती. पुढची पडवी रिकामी होती, पण चौघे सवयीने मागेच बसले. कालवण बांगड्याचं होतं. मथुराने चुलीपुढे बसून सांगायची वाक्यं मनात जुळवली. आबांना कसं सांगायचं तिथे ती अडायची, परत पहिल्यापासून सुरू करायची. शेवटी ताटं सरकल्याचा आवाज आला. माणसं हात धुवायला विहिरीवर गेली. परत येतील तेव्हा उभ्याउभ्याच सांगून टाकू, म्हणून ती पदर खोचून मागे गेली. ताटं पडली होती, तेव्हा हात रिकामे नकोत म्हणून ती उचलायला वाकली.

"थांब थांब! मी घेतंय!" आतून सुगंधा धावत आली.

पण मथुराच्या हातात आबांचं ताट आलं होतं. काटे नीट एकीकडे जमवलेले. आणि कडेला, पूर्वी ठेवायचे तशीच, ओळीने मांडलेली तिरफळं.

तिने भाई मास्तरांचं ताट बघितलं. कडेला तिरफळं. धोंडूच्याही. आणि जगदाळ्यांच्या ताटात, पहिल्याच दिवशी तिरफळ चावून जे लहान मुलासारखे रडले होते त्यांच्या ताटात, सगळ्यांत जास्त.

मथुरा ताट तसंच घेऊन फडताळाकडे गेली. बरणी वर होती. फडक्याची गाठ तिचीच, हात न लागलेली, वर धूळ.

"सुगंधा."

सुगंधाने भिंतीकडे बघितलं. "आबांच्या चंचीत असतत. पयल्या कप्प्यात पान-चुनो, दुसऱ्यात सुपारी, तिसऱ्यात ती. घरसून ठेचून हाडतत. मी कढत कालवण वाढलंय काय हळूच सगळ्यांका वाटतत आणि वर भात घालून झाकतत."

"कदीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. पयल्या दिवशी तशेच जेवले. जेवून झाल्यार आबा माका म्हणाले, 'तिका इचारू नको. त्या बोटवाल्याचा तिना लय मनाक लावून घेतल्यान. तिचा काय ता तिका ठरवूंदे.' धामापूरसून हाडली तिरफळां. आबांच्या चेडवाकडसून. धोंडू चढलो झाडार."

धामापूरला आबांच्या लेकीचं घर होतं, आणि तिरफळाचं झाड काट्यांचं असतं. मथुराला धोंडूच्या बाह्या आठवल्या.

"आणि तू माका सांगलंस नाय? तूच ना गो, बोटीची माणसां येवंदेत म्हणान माज्या मागे लागलंस?"

"लागलंय तर!" सुगंधा उसळली. "माणसां येवक व्हयीच होती. पण म्हणान काय मी ता तुजा पांचट पाणी जेवू? माकाय आबा एक देतत रोज."

मथुराला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही एकदम कसं सांभाळायचं ते न कळून तिने ताटातलं एक तिरफळ उचललं आणि नाकाला लावलं. धामापूरच्या रानाचा, ओल्या पानांचा, थंड हिरवा वास. गेल्या महिन्याभरात ती चुलीशी जेवताना जे शोधत होती आणि काय शोधतेय हे तिला कळत नव्हतं, ते हे.

चौघे पंच्याला हात पुसत परत आले आणि तिच्या हातातलं ताट बघून जागच्या जागी थांबले. आंबे चोरताना धरलेल्या पोरांसारखे. धोंडूने हात पाठीमागे घेतले. भाई मास्तरांनी घसा खाकरला. जगदाळे छपराचे वासे मोजू लागले.

मथुराने सांगायची वाक्यं जुळवून आणली होती. ती सगळी कुठे गेली कोण जाणे.

"धोंडू," ती म्हणाली, "फाल्या पाटीतलो बांगडो मीच बघतंय. पण बंदरार बरो दिसलो तर कोळणीक माका ठेवूक सांग."

"व्हय, काकी."

"आणि आबांनू, फाल्यापासून पुढे बसा. मागे जमीन वली असता, गुडघे धरतले तुमचे."

आबांनी तिच्याकडे बघितलं, मग ताटाकडे. "बोट आसा फाल्या," ते हळूच म्हणाले.

"माका माहीत आसा."

दुसऱ्या दिवशी बोट लागली. बाबली माणसांची ही रांग घेऊन आला आणि अंगणातच थबकला. पुढच्या पडवीत चौघे बसले होते. चुलीवरून जो वास येत होता तो थेट रस्त्यापर्यंत गेला होता.

"काकी! घातलंस?"

"घातलंय."

"आणि ह्या माणसांका मी काय सांगू?"

"खरा काय ता सांग. कालवण तिखट आसा, तेच्यात तिरफळ आसा, ता चावूचा नाय. जेका चलात तेका बसव. भात मुबलक आसा." ती थोडी थांबली. बाबलीवर ओरडायला तिला काही कारण नव्हतं. त्याने तिचं वाईट चिंतलं नव्हतं. "तूय जेव रे. दारातसून उपाशी जाव नको."

बाबली माणसं घेऊन बंदराकडे वळला. ती माणसं परत आली नाहीत, आणि नंतरच्या बोटींचीही आली नाहीत. वखार दुसऱ्याने घेतली. बाबली मात्र अधूनमधून एकटा येऊन जेवून जाऊ लागला. सुगंधा त्या दिवशी भांडी आपटत होती, पण जेवायला बसली तेव्हा तिने दुसऱ्यांदा कालवण घेतलं. त्या रंगवलेल्या फळीचं काय करायचं, हा प्रश्न होता. जगदाळ्यांचा पाट कधीचा चिरलेला. ती फळी अक्षरं खाली करून त्यांच्याखाली गेली, आणि त्यांची बदली होईपर्यंत तिथेच राहिली.

पण हे पुढचं. त्या दिवशी मथुरा वाढायला स्वतः आली. आबांना शेपटीकडचा तुकडा, धोंडूला डोक्याकडचा, मास्तरांचं कालवण भाताच्या शेजारी. आबांचा हात सवयीने कमरेच्या चंचीकडे गेला. नाडी सैल झाली. तेवढ्यात ताटातली वाफ त्यांच्या नाकाशी आली. हात थांबला. त्यांनी नाडी परत ओढली, पहिला घास घेतला आणि सावकाश चावला.

"आज मीठ बरा पडला," आबा म्हणाले.

"मीठ रोजचाच आसा," मथुरा म्हणाली, आणि त्यांच्या भातावर न मागता आणखी एक पळी ओतली. आभार मानायचे तर कुठल्या शब्दांनी मानायचे, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मग धोंडूला एक पळी, मास्तरांना एक, जगदाळ्यांना दोन. "बास, बास," ते म्हणत होते आणि ताट पुढे करत होते.

सगळे गेल्यावर तिने ताटं उचलली. तिघांच्या कडेला ओळीने तिरफळं होती. आबांच्या ताटात ओळीशिवाय आणखी एक ढीग होता. ओंजळभर, कोरडी, कालवण न लागलेली. चंचीचा तिसरा कप्पा त्यांनी तिथे मोकळा केला होता.

मथुराने ती वेचून पदरात घेतली. फडताळातली बरणी खाली काढली, वरची धूळ पुसली आणि ती तिरफळं आपल्या तिरफळांवर सोडली. फडकं तिने घडी करून बाजूला ठेवलं. परत बांधलं नाही.